बाबांना पटलेली पेल एल

प्रिय गॅरेट,

इतक्या वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे हयात आहेत. टेसलाही वाचायला दे. नव्या बायकोपासून लपवावं असं यात काही नाही.

तू गॅरेजमध्ये ठेवून गेलास ते बीअरचं मोठं पातेलं मी यंदा बाहेर काढलं. याकिमात, हॉप्सच्या कडू फुलांच्या मळ्यात लहानाची मोठी झाले, पण घरी बीअर कधी केली नव्हती. ते खातं तुझं आणि बाबांचं. आता मळा शेजारच्या इबारांना कसायला दिलाय आणि बाबांना दिवसभर काम उरलं नाही. ते विसरतात, मग चिडतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातांना ओळखीचं काही द्या." म्हटलं, दोघं मिळून साधी, फिकट रंगाची पेल एल बीअर करू. कृती मात्र तुझी नको, माझी.

माझा पहिला बेत म्हणजे नुसती भरताड होती. मोड आणलेल्या बार्लीचं तीन तऱ्हांचं माल्ट आणि सापडतील त्या सगळ्या जातींचे हॉप्स. बाबा म्हणाले, "बीअर करतेस की कोठार झाडतेस?" मग एकेक खोडत गेलो. उरलं ते साधं फिकट माल्ट, रंगाला आणि किंचित गोडीला थोडं कॅरॅमल माल्ट, आणि हॉप्स फक्त आपल्याच मळ्यातले कॅस्केड. उकळी फुटल्यावर कडूपणापुरते चिमूटभर, बाकीचे अगदी शेवटी, म्हणजे वास उडून जात नाही. तुझ्या बीअरने जीभ आवळायची, म्हणून कडूपणा मी माझ्या जिभेला विचारून ठरवला.

हॉप्स तळव्यावर चोळून हुंगताना बाबा अगदी पूर्वीचे होते. "हे उशिरा तोडलेत, लसणाचा वास मारतोय," म्हणाले आणि एक पिशवी बाजूला ठेवायला लावली. खरंच मारत होता. तेवढ्यात पातेलं उतू गेलं, शेगडी विझली, आणि पुसायचं सोडून आम्ही दोघं हसत बसलो.

गेल्या रविवारी पहिली बाटली उघडली. बाबांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला आणि म्हणाले, "याला म्हणतात बीअर! कडूपणा शेवटी ताळ्यावर आणला पोराने. गॅरेटला बोलाव, पाठ थोपटायचीय त्याची." मी म्हटलं, "बाबा, ही मी केलीय. तुम्ही होतात की बरोबर." तर म्हणतात, "चल! तुला बीअरचा वाससुद्धा खपत नाही." मग तू इथे राहत नाहीस, आपण वेगळे झालो, हेही सांगून पाहिलं. ते लहान मुलासारखे रडले. घटकाभराने ते विसरले, मी मात्र परत सांगायला धजले नाही. आता रोज जेवताना तुझा ग्लास मांडतात.

तुला परत बोलावत नाहीये, गैरसमज नको. टेसला घेऊन आलास तरी चालेल. पण एखाद्या रविवारी ये. ते पाठ थोपटतील, थोपटून घे. आणि मग त्यांना सांग, की ही बीअर नॅडीनने केलीय, सगळी तिची कृती. माझं त्यांना पटत नाही, तुझं पटेल. ते मला ओळखतायत तोवर ती एक थाप माझ्या पाठीवर पडायला हवी आहे.

'तुझीच' लिहायची सवय मोडलीय, तेव्हा नुसतीच

नॅडीन