उत्तर न देण्याचं काम

प्रिय आईस, दमलेल्या धाकटीचा नमस्कार.

जेवते वेळेवर, काळजी करू नकोस.

आमच्या मानसोपचाराच्या वॉर्डात एक शिक्षिका दाखल आहेत. "मी दार लावलं ना?" असं दिवसभर विचारतात. मोठे डॉक्टर म्हणतात, मेंदूतलं रसायन बिघडलंय. दुसऱ्या मॅडम त्यांचं बालपण उकरतात. माझ्याकडे सवय मोडायचं काम, म्हणजे "हो, लावलंत" असं म्हणायचंच नाही. धीर दिला की शंका वाढते. त्या रडकुंडीला येतात, मी गप्प बसते. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

बाबा गुडघ्याचे व्यायाम करतात, की तुला नुसतं हो म्हणतात?

दर पत्रात तू विचारतेस, "बरी आहेस ना?" आमच्या नियमाने मी उत्तर देऊ नये. पण तू विचारत राहा गं. तुझी ही सवय मला मोडायची नाहीये.

तुझीच,
धाकटी