आठ महिन्यांनी वर गेलेला हात

प्रिय लालासाहेब यांस नाथाजीचा (दुरुस्त झालेल्या उजव्या हाताने) नमस्कार.

धडाम्! आठवतो का रे लाला, शाळेच्या पत्र्यावर व्हॉलीबॉल पडल्याचा आवाज? कवितेच्या तासाला गुरुजी ओळ अर्धी ठेवून खडू शोधायचे, वर धडाम् व्हायचं आणि वृत्तातली राहिलेली मात्रा आपोआप भरून निघायची. हल्ली दुपारच्या झोपेत मला तोच आवाज येतो. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच (नसती तर जरा सोयीचं झालं असतं, कारण खाली येईल). वहिनींनाही नमस्कार सांग.

खांद्याचं विचारशील. पाडव्याला जाळ्याजवळ उंच चेंडू मारायला उडालो. चेंडू वरच राहिला, मी खाली आलो. मिरजेच्या डॉक्टरांनी फाटलेला स्नायू हाडाला टाचला. सहा आठवडे हात झोळीत. मग व्यायाम शिकवायला मयूरी नावाची पोर यायला लागली. म्हणाली, बोटं कोळ्यासारखी भिंतीवर चढवा. मी आपल्या शाळेतल्या कविता म्हणत चढवायचो. कडव्याला बोटभर हात वर जाई (कविता करुण असली तर दोन बोटं घसरे). रोज पेन्सिलीने खूण करायची. आमची सौ. तानुबाई म्हणाली, "नातवाची उंची मोजल्यागत हात मोजताय. भित्ताड कोण रंगवणार?" गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बेतानं खेळायला परवानगी दिली. तानुबाईने दिली नाही. "मैदानात पाय तर ठेवा, दुसरा खांदा मी उतरवती!"

तरी मी चोरून खेळलो असतो रे, पण मधे ग्रामसभा आली. सरपंचीणबाई बोलत होत्या, मी मागे खांबाला टेकून आपल्या सातवीतल्या सामन्यात पोचलो होतो. तू चेंडू उचलून दिलास, मी उडालो, आणि डोळे उघडून बघतो तर हात कानाच्या वर! ऑपरेशननंतर पहिल्यांदा! सगळ्यांनी बघावा म्हणून मी तो तसाच धरला. आमच्या संघातला हरिबा कानाशी येऊन कळवळला, "आबा, हात खाली घ्या की वं!"

"का म्हणून? आठ म्हयन्यांनी वर गेलाय, इतक्यात खाली घीऊ व्हय?"

तेवढ्यात मोजणी झाली. मैदानावर पाण्याची टाकी बांधायला कोण कोण राजी, असं विचारलं होतं म्हणे. ठराव एका हाताच्या फरकाने पास झाला. तो हात कुणाचा, हे सारा गाव जाणतो. जाळं बांधायच्या जागी आता खड्डा आहे आणि संघातलं कुणी माझ्याशी बोलत नाही. हरिबा तर रस्त्यात मला बघितलं की हात वर करून दाखवतो.

असो. खेळात काय आहे? वयाप्रमाणे वागावं, हेच खरं.

तुझा,
नाथाजी

ता. क. रविवारी साताऱ्याच्या तुमच्या खेळात मला मागच्या ओळीत एक जागा ठेव. कोपऱ्यातली चालेल. नुसता चेंडू परत दिला तरी जीव निवेल. तू जिन्यावरून पडून पाय मोडून घेतलास, असं तानुबाईला सांगितलंय. ती हळहळली आणि तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळून मला म्हणाली, "भेटून या." तिचा फोन आला तर कण्हायचं. हसायचं नाही.

ता. क. दुसरा. दारात मोटारसायकल थांबली. लाला, तू? मला न्यायला आलास? अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, बगलेत चेंडू, आणि दोन पायऱ्या एकदम चढतोयस! तानुबाई लाडवांचा डबा घेऊनच दार उघडायला निघालीय. हा कागद चुरगळून खिडकीतून तुझ्याकडे फेकतो. ऑपरेशनचाच हात आहे, नेम चुकला तर वाकून उचल. वाचल्या वाचल्या लंगड!