माझ्या लाइटच्या मागं या

यवतमाळ,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप विमलताईस,
श्रीकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

तेरवी आटोपून आम्ही सुखरूप पोचलो. एसटीच्या पायऱ्यांनी प्रभावतीचे गुडघे पुन्हा धरले आहेत, शेक देणं चालू आहे. इकडेही रोज सकाळी दाट धुक्याची धुवारी पडते. तुमच्या तुरीचा फुलोरा गळाला असेल. राहिलेला कापूस वेचायला सुखीबाई बाया घेऊन येणार होती, आली का ते कळव.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण तुझा फोन अमर उचलतो. 'हॅलो मामा' एवढंच म्हणतो आणि थांबतो. मी काहीतरी सांगणार आहे असं त्याला वाटत असावं. मग मला पुढं बोलता येत नाही.

गाडी गॅरेजमधून आली. मागचा बंपर आणि डिक्कीचं दार नवीन बसवलं. कुठं काही झालं होतं अशी खूण राहिली नाही. मी तिच्यावर कव्हर घालून ठेवलं आहे.

दसऱ्याला नवी गाडी घेऊन तुझ्याकडे आलो तेव्हा भाऊजींनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या. इंजिन सुरू केलं की समोरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आपोआप पेटतात, याचं त्यांना फार कौतुक. रस्त्यानं येणारे-जाणारे मूठ उघडझाप करून 'लाइट चालू राहिला' अशी खूण करायचे, आणि भाऊजी खिडकीतून मान काढून सांगायचे, "दिवसाचाच लाइट आहे हा." मीही ज्याला त्याला तेच ऐकवत होतो. सोय कामाची आहेच. तूर माणसाच्या वर गेलेली असली की वळणावर समोरचं काही दिसत नाही. दिवाळीत ओव्हरटेक करत अंगावर येणारा ट्रक माझ्या पट्ट्या पाहूनच मागं सरला. नाहीतर प्रभावती आणि मी त्याच दिवशी संपलो असतो. एवढं सगळं खरं आहे, ताई. हे मी कुणापुढंही शपथेवर सांगेन.

एक मागणं आहे. पंगतीत सगळ्यांदेखत तू अमरला म्हणालीस, "मामाच्या गाडीचा एवढा उजेड होता, अख्खा रस्ता पांढरा झाल्ता, मंग तुलेच काहून नाही दिसला?" पोरानं ताटावरचा हात काढून घेतला. मी त्याच्या शेजारीच होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वाढणाऱ्याला बुंदी नको म्हणून सांगत राहिलो.

त्याला असं बोलू नकोस. बाप त्याचाही गेला आहे.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीकृष्ण


यवतमाळ,
१७ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी. अमरची बाजू घेऊ नको, पोलिसांच्या फोटोत तुझा मागचा लाल लाइट साफ दिसतो, पोरानं गाडी दामटली आणि वरून खोटं बोलून राह्यला, असं तू लिहिलंस. ती चिठ्ठी मी प्रभावतीला दाखवली नाही.

परवा गॅरेजचा रजत आला होता, दुरुस्तीनंतर गाडी नीट आहे का ते पाहायला. बोलता बोलता म्हणाला, "काका, समोरच्या पट्ट्या पेटल्या म्हणजे मागचाही लाइट पेटला असं समजू नका. तुमच्या गाडीत मागच्या लाल लाइटचं बटण हातानंच फिरवावं लागते." धुवारीत समोर पांढरा उजेड पसरतो, आतले आकडेही उजळलेले असतात, त्यामुळं चालवणाऱ्याला वाटतं सगळंच चालू आहे. मागून येणाऱ्याच्या लेखी मात्र पुढं गाडीच नसते. दर हिवाळ्यात अशी एखादी तरी गाडी मागून ठोकलेली त्याच्याकडे येते म्हणे.

हे आपलं माहिती म्हणून लिहितो. त्या दिवशी मी बटण फिरवलं होतं. बहुतेक फिरवलंच होतं. फोटोत आहेच.

पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. सुखीबाईचा प्रभावतीला फोन आला होता. अमर रोज पहाटे अपघाताच्या जागी पायी जातो हे तुला माहीत आहे का? कडेला नाही, डांबरावर उभा राहतो. भर धुवारीत, काळं स्वेटर घालून. वेचणीच्या बाया घेऊन जाणाऱ्या ऑटोला तो परवा अगदी चार हातांवर आल्यावर दिसला. बाया किंचाळल्या. सुखीबाईनं उतरून विचारलं, बापू इथं काय करतोस, तर म्हणाला, "माणूस किती दुरून दिसते, ते पाहून राह्यलो."

ताई, त्याला पहाटे घराबाहेर पडू देऊ नकोस. दाराला कुलूप लाव, काहीही कर. मी येतोच आहे. इकडं पेन्शनच्या कागदांचं एक काम अडलं आहे, ते झालं की लगेच निघतो.

आज पत्र लांबवत नाही.

श्रीकृष्ण


नेर, पोलीस ठाणे,
२३ जानेवारी, सकाळी अकरा

ताई,

पेन्शनचं कुठलंच काम नव्हतं.

आज पाच वाजता उठलो, गाडीवरचं कव्हर काढलं आणि निघालो. निघण्याआधी बटण फिरवलं, खाली उतरून मागं जाऊन पाहिलं. पुन्हा आत बसलो, पुन्हा उतरून पाहिलं. नेर ओलांडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दहा पावलांपुढं काही दिसत नव्हतं. बैलगाडीच्या चालीनं जात होतो, म्हणून अमर वाचला. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी ब्रेक लावला. गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली, आणि तो जागचा हललासुद्धा नाही.

गाडी कडेला घेऊन उतरलो. मागून ट्रकचा आवाज येत होता. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. ट्रक गेला त्याच्या वाऱ्यानं आम्ही दोघंही हेलपाटलो. अमर म्हणाला, "कायले आले, मामा?" आणि मग मी त्याला सांगितलं. जे त्याला सांगितलं तेच तुला लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या सकाळी आपण इंदुताईंच्या नव्या घराच्या वास्तूला दारव्ह्याला निघालो होतो. तू आणि प्रभावती मागं बसला होतात, पुढच्या सीटवर आहेराची भांडी आणि फळांच्या टोपल्या. म्हणून भाऊजी अमरच्या मोटारसायकलवर बसले. तू दाराला कुलूप लावत होतीस, तेव्हा भाऊजी मला म्हणाले, "धुवारी लय आहे, घंटाभर थांबून जाऊ." मी म्हणालो, "मुहूर्त टळेल. तुम्ही माझ्या लाइटच्या मागं या, काही होत नाही."

समोर पट्ट्या पेटल्या होत्या. तुला गाडीत बसून जो पांढरा उजेड दिसला तो त्यांचाच. बटण मी फिरवलं नव्हतं. मोटारसायकलचा दिवा मला आरशात दिसत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. ते मला दिसत होते, मी त्यांना दिसत नव्हतो. मग शेतातून एक रोही, नीलगाय, आडवा आला आणि मी करकचून ब्रेक दाबला. ब्रेकचे लाल लाइट तेव्हा पेटले असतील, पण तोवर ते दोघं माझ्या डिक्कीशी आले होते.

आवाज तू ऐकलास. तू मागं धावलीस, प्रभावती तुझ्यामागं. मी उतरलो आणि पाहिलं तर मागून गाडी काळीठिक्कर होती. त्या क्षणी मला सगळं कळलं, ताई. रजतनं सांगण्याची गरज नव्हती. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी भाऊजींकडे गेलो नाही. परत दाराशी गेलो, आत हात घातला आणि बटण फिरवलं. आधी बटण, मग भाऊजी. पोलिसांनी फोटो काढला तेव्हा न फुटलेल्या बाजूचा लाल लाइट पेटलेला होता, आणि त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं.

भाऊजी जागीच गेले असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्या उशिरानं काही बदललं नसेल. पण अमर शुद्धीवर होता. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यानं तो लाइट पेटताना पाहिला. दवाखान्यात तो तेच सांगत होता, 'मी पडल्यावर लाइट लागला', आणि सगळे म्हणाले डोक्याला मार लागला आहे. मीसुद्धा म्हणालो. जबाबातही मी तसंच लिहून दिलं.

हे ऐकून तो जवळच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "मले आगे काहीच नव्हतं दिसत, मामा. मले वाटलं तुम्ही दूर निंगून गेले, म्हणून गाडी दामटली. महिनाभर वाटत होतं, मीच येडा झालो."

मी म्हणालो, मी आत्ताच ठाण्यात जातो. त्यानं विचारलं, "आईले सांगितलं?" मी नाही म्हणालो.

"मंग पह्यले तिले सांगा. माह्यावर तिचा भरोसा नाही राह्यला."

तुझ्या दारात यायची हिंमत झाली नाही. म्हणून इथं व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. साहेब एक वाजता येणार आहेत. जुना जबाब खोटा होता हे त्यांना सांगणार आहे, आणि त्यापुढं ते जे करतील ते मला मान्य आहे. प्रभावतीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला आज ना उद्या कळेलच.

अमर शेजारी बसला आहे. मी काय लिहितो ते त्यानं एकदाही वाकून पाहिलं नाही. पत्र तोच घेऊन येईल. हातात देताना काही बोलणार नाही, म्हणून वाचून झालं की पहिला शब्द तू बोल. काय बोलायचं ते मी सांगणारा कोण.

आणखी एक. पुन्हा त्या रस्त्यावर उभा राहणार नाहीस असं मला वचन दे, असं मी त्याला तीनदा म्हणालो. त्यानं दिलं नाही. धुवारीचे अजून पुष्कळ दिवस आहेत, ताई. पहाटे तू त्याच्याजवळ अस.

माझ्याशी पुन्हा बोलावंस असं मी मागत नाही.

भाऊजींचा आणि तुम्हा दोघांचा अपराधी,
श्रीकृष्ण