तणावमुक्त आठवी

सोमवार, १६ जून
हायस्कूल सुरू! प्रार्थनेनंतर मोठ्या बाई माइकवर कडाडल्या — "यंदा आपली शाळा तणावमुक्त! हसा सगळे!" आम्ही घाबरून हसलो. मग वेळापत्रक मिळालं. दर शनिवारी चाचणी, शुक्रवारी मनःशांतीचा तास. मनःशांतीला दांडी मारली तर गुण कापणार!

माझ्या बाकावर एक नवी मुलगी आली. वर्गात सगळ्यात उंच. मी तिला जिराफ म्हटलं. सगळे खो-खो हसले! दुपारपर्यंत नाव शाळाभर. पहिल्याच दिवशी माझा भाव वधारला.

मंगळवार, १७ जून
जिराफने डबा उघडलाच नाही. "भूक नाही गं." मग मीच फस्त केला.

शुक्रवार, २० जून
मनःशांतीला गणिताचे सर! "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. सोडा. आता मनातल्या मनात सतराचा पाढा."

शेवटी फॉर्म — तुम्ही किती आनंदी, दहापैकी? सातच्या खाली गेलात तर पालकांना बोलावणार. अख्ख्या वर्गाला दहा! सर गहिवरले — "एका आठवड्यात हा निकाल!"

जिराफने आधी दोन लिहिलं होतं. खोडून दहा केलं. मी पाहिलं. आणि माझ्या फॉर्मवरही दहा लिहिलं.

मंगळवार, २४ जून
'वाढत्या वयातला आहार' — पाहुण्या डॉक्टरांचं व्याख्यान. मैदानात, उभ्याने, सव्वा तास! ते प्रथिनांपर्यंत आले आणि जिराफ धाडकन कोसळली. मोठ्या बाई ओरडल्या, "बाजूला घ्या तिला! फोटोत येतेय!"

तिला शिक्षकांच्या खोलीत निजवलं. जवळ मीच. आठवडाभर घरीही धड जेवले नाही, म्हणाली. मी विचारलं, "का गं?" छताकडे बघत म्हणाली, "कमी खाल्लं तर उंची थांबेल ना..."



बुधवार, २५ जून
शाळेची सूचना — 'चक्कर येणार असल्यास वर्गशिक्षकांना आदल्या दिवशी कळवावे.'

गुरुवार, २६ जून
तिच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं. "ये बाळा! तूच ना हिची मैत्रीण?"

"नाही काकू. हिला चिडवायला सुरुवात मीच केली." मग सगळंच सांगून टाकलं — उपास, फॉर्म, सगळं. काकू उठल्या, आत गेल्या. दोन ताटं वाढून आणली. एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे. आम्ही दोघी मान खाली घालून जेवलो. ती पाचच घास.

शुक्रवार, २७ जून
आज पुन्हा गेले. जेवताना विचारलं — "माफ केलंस?"
"नाही," म्हणाली. आणि आणखी वाढून घेतलं.