धर गो!

शनिवार, दिवेलागण झाल्यावर

पिकअपच्या क्लचमध्ये परत हवा धरली. पेडल मऊ लागतं, गिअर पडत नाय. उद्या धसईला भाजी न्यायचीय, तर म्हटलं, हवा आपणच काढू.

म्हटलं खरं, पण मला या कामाचं वरचं अर्धंच ठाऊक. हे होते तेव्हा हे गाडीखाली आणि मी सीटवर. खालून आवाज यायचा, "धर गो!" मी पेडल दाबून ओरडायची, "धरलाय!" मग हे तेलाच्या नळीजवळचा निपल पान्यानं ढिला करून हवा सोडायचे, परत आवळायचे आणि म्हणायचे, "सोड." मी हमखास त्याआधीच पाय उचलायची, हवा परत आत. मग खालून शिव्या.

आज वर कोण बसणार? पेडल दाबलं, सीटला टेकवून फळी अडकवली आणि खाली शिरले. पाना लावला तर तोंडातून गेलंच, "धर गो!" आता हे कोणाला? आणि उत्तराची वाट बघत मी थांबलेसुद्धा. उत्तर आल्याशिवाय पाना फिरवायचा नाय, अशी ह्यांची शिस्त. शेवटी मीच म्हटलं, "धरलाय."

दर खेपेला वर येऊन फळी काढायची, पेडल मारायचं, फळी लावायची, परत खाली. कंबर गेली. पण तेलातले बुडबुडे संपले, पेडल कडक झालं.

फळीनं एकदाही आधी सोडलं नाय. मी शिवी तयार ठेवली होती, ह्यांचीच. ती तोंडातच राहिली.