पलंगावरच्या पंखांविषयी आणि उरलेल्या मालमत्तेविषयी

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहच्या नावाने.

मी, बद्रान अवद झियादा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाकडावरील कोरीवकाम, राहणार सुतारगल्ली, दुमयात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. पत्नी इन्शिराह शेजारच्या खोलीत आहे, पण ती टीव्ही पाहत आहे, त्यामुळे दडपण नाही म्हटले ते खरेच समजावे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीत एक स्प्रिंग बसवली. माझी हयात सोफ्यांच्या गावात गेली आहे. स्प्रिंग किती वर्षे टिकते हे मला कोणी सांगायला नको. म्हणून हा कागद.

अल्लाह एक आहे, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, आणि त्याचे फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित व निवाड्याचा दिवस यांवर माझा विश्वास आहे, असे प्रथम नमूद करतो. वकील झगलूल म्हणाले की एवढे सविस्तर नको. मी म्हणालो, "साहेब, या गावात माझ्या फरिश्त्यांवरच्या विश्वासाबद्दल सतरा वर्षं चर्चा चालू आहे. एकदा लिहून टाकू द्या."

कलम १. मालमत्तेच्या तीन भागांपैकी दोन भाग कोणाला किती जायचे ते धर्माने आधीच ठरवून दिले आहे. पत्नी इन्शिराह, मुलगा हिलाल आणि मुलगी विदाद यांनी आपापले वाटे घ्यावेत आणि भांडायचे असल्यास माझ्या चाळिसाव्या दिवसानंतर भांडावे. माझ्या लेखणीला तिसऱ्या हिश्श्याचेच अंगण आहे, तेवढ्यातच मी फिरणार आहे.

कलम २. तीन मजली घर. इन्शिराह जिवंत असेतोवर ती खालच्याच मजल्यावर राहील. हिलालने तिला "वर हवा चांगली आहे, अम्मी" असे सांगून जिने चढायला लावू नये. खालच्या मजल्याचे दुकान करण्याचा त्याचा विचार मला ठाऊक आहे. त्याच्या बायकोने तो माझ्या बायकोला सांगितला, आणि माझ्या बायकोला सांगितले की मला कळतेच.

कलम ३. माझ्या पटाश्या आणि गोल धारेच्या गोलण्या, एकूण बेचाळीस, बिजागरीच्या पेटीसह, मी मुलगी विदाद हिला मागच्या ईदलाच देऊन टाकल्या आहेत. त्या वाटणीत धरू नयेत. हिलालने तक्रार करू नये. त्याने संगणकावर चालणारी मशीन आणली आहे आणि ती एका दिवसात माझ्या महिन्याची नक्षी कोरते, हे तो पाहुण्यांना माझ्यासमोर सांगतो. मशीनला वेलबुट्टी येते, हे मी मान्य करतो. मशीनला चेहरा येत नाही. विदादला येतो.

कलम ४. अंत्यविधी साधा करावा. रस्ता अडवून मांडव घालू नये, कर्णे लावू नयेत. बिनसाखरेची कॉफी पुरेल. तिसऱ्या दिवशी इन्शिराहने कांदा भरलेले बदक करू नये, कारण ते करताना ती रडली तर लोकांना कांदा की मी, हे कळणार नाही. कांद्यावरून सांगतो. चाळीस वर्षे ती मला शुक्रवारी सकाळी कांदा खाऊ देत नाही. "मशिदीत फरिश्त्यांना वास सहन होत नाही," म्हणते. "आणि घरात तुला?" असे मी विचारले तर म्हणते, "माझं काय, मी मातीची आहे. मला सवय आहे." तिला मी कधी चांगले म्हटले नाही. इथे म्हणतो. तिच्याइतकी चांगली सोबत मला मिळाली नसती.

कलम ५. बुंदुक हा कुत्रा, रंग तपकिरी, मी शेजारी फहीम याला देत आहे. त्याचा खाण्याचा खर्च माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून व्हावा. लाकडाची राखण करायला आम्ही कुत्रा पाळला तेव्हापासून फहीम कठड्यावरून ओरडत आला आहे की या घरात फरिश्ते पाऊल ठेवणार नाहीत. मी मशिदीतल्या शेखांना विचारले. ते म्हणाले की राखणीच्या कुत्र्याला सवलत आहे, आणि तसेही जे अडतात ते दयेचे फरिश्ते. आपल्या दोन खांद्यांवर बसून चांगलेवाईट लिहिणारे दोघे, आणि प्राण न्यायला येणारा, यांना कुत्र्याची अडचण नाही. इन्शिराह म्हणाली, "म्हणजे दया करणारे बाहेर आणि लिहून घेणारे आत. उलट असतं तर कुत्रा पाळण्यात अर्थ होता." फहीम वाईट माणूस नाही. एकटा राहतो. त्याला ओरडायला कोणीतरी लागते, आणि मी गेल्यावर बुंदुकशिवाय कोण आहे?

कलम ६. आता ज्यासाठी हा कागद घेतला ते.

मला पुरून सगळे परतले की मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन मला बसवतील आणि विचारतील की तुझा पालनकर्ता कोण, तुझा धर्म कोणता, तुझा प्रेषित कोण. उत्तरे मला येतात. पण सरकारी माणसासमोर माझी वाचा बसते हे घरच्यांना माहीत आहे. स्कूटरच्या परवान्याच्या खिडकीवर मी बापाचे नाव विसरलो होतो. म्हणून आमच्याकडे चाल आहे ती माझ्यासाठी पाळावी. एकाने कबरीशी मागे थांबावे, मृताला त्याच्या आईच्या नावाने हाक मारावी, की अमकीच्या मुला, घाबरू नकोस, दोघे येतील, त्यांना असे असे सांग. याला तल्कीन म्हणतात. हिलालच्या मते याला आधार नाही. त्याला तो आखातात राहून आल्यापासून बऱ्याच गोष्टींना आधार दिसत नाही. त्याने त्या वेळी गाडीत बसावे.

ही तल्कीन मुतवल्ली शता यानेच करावी, दुसऱ्या कोणी नाही.

मुतवल्ली कोण, हे दुमयातमध्ये सांगावे लागत नाही, पण कागदाला लागते. माझी आई मी जन्मलो त्याच आठवड्यात गेली. मुतवल्ली तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याच्या आईने एका मांडीवर त्याला आणि दुसऱ्या मांडीवर मला घेतले. तो माझा दूधभाऊ आहे. पुढे तीस वर्षे आम्ही एकाच कारखान्यात, एकाच बाकावर काम केले. आमच्या गावात पुरुष आपल्या आईचे नाव चारचौघांत घेत नाही. माझ्या आईचे मी फक्त त्याला सांगितले आहे. इथेही लिहीत नाही. वकिलांनी आग्रह केला, मी नाही म्हणालो.

मुतवल्ली गेली सतरा वर्षे माझ्याशी बोलत नाही.

गावाला जे माहीत आहे ते असे. मन्सूरा शहरातल्या एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी शयनगृहाचा संच सांगितला. फ्रेंच चित्रांचे पुस्तक आणले आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर पंखवाली बाळे हवीत म्हणाला. मुतवल्लीने पुस्तक पाहिले.

"हे काय आहे?"

"फरिश्ते म्हणे."

"फरिश्ते उजेडाचे केलेले. खात नाहीत, पीत नाहीत. मग याला पोट कशानं सुटलं?"

"गिऱ्हाइकाला पोट हवंय."

"जिब्रीलना सहाशे पंख, एकेक क्षितिजाएवढा. तू दोन लावणार, तेही बदकाचे."

"अरे, पलंग सहा फुटांचा आहे. सहाशे बसवू कुठं?"

तो हसला. मीही हसलो. मग मी बाळे कोरली, मुतवल्ली हत्यारे गोळा करून निघून गेला, आणि गावात झाले की एक कट्टर आणि एक पैशाचा लोभी. कॅफेत ही गोष्ट मी स्वतः शेकडो वेळा सांगितली आहे. पोट, बदक, सहाशे पंख, सगळे हातवारे करून. लोक पोट धरून हसत. मुतवल्लीची चेष्टा होत असे आणि मी ती होऊ देत असे.

ती गोष्ट खोटी आहे. तो पंखांवरून गेला नाही.

मुतवल्लीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एक मुलगा झाला होता, नूह. चालायला लागल्यापासून तो आमच्या कारखान्यात असे. भुशात बसे, लाकडाच्या कुरळ्या साली कानाला अडकवे आणि माझ्याकडे बघून मान हलवे. दोन वर्षे दोन महिन्यांचा होऊन तापाने गेला. ईदला नवे कपडे घालून त्याचा फोटो काढायचा ठरले होते. ईद तीन आठवड्यांवर होती. त्याचा एकही फोटो नाही.

पुस्तकातल्या बाळांना चेहरे होते, पण ते रव्याच्या लाडवासारखे सारखे होते. फळीच्या मधल्या बाळाला चेहरा द्यायला बसलो आणि हात नूहकडे गेला. तो मरून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. हनुवटी उतरली तेव्हाच मला कळले होते. मी थांबलो नाही, हे इथे लिहून ठेवतो. मला वाटले मुतवल्ली ओळखेल आणि त्याला आनंद होईल. मला वाटले मी त्याला काहीतरी देत आहे.

त्याने ओळखले. फळीसमोर उभा राहिला.

"माझ्या पोराला पंख लावलेस," तो म्हणाला.

"बघ तरी, हनुवटी बघ."

"मेलेलं पोर फरिश्ता होत नाही, बद्रान. माणसाचं पोर माणसाचंच राहतं. ते इब्राहीम पैगंबरांकडे आहे, आम्ही येईपर्यंत. मी त्याच्या आईला एवढंच सांगत आलोय. आणि तू त्याला परक्यांच्या पलंगाला ठोकून विकतोयस."

मी म्हणालो की आगाऊ रक्कम घेतली आहे. माझ्या आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांपैकी हे सगळ्यात वाईट आहे. त्याने पटाश्या गुंडाळल्या आणि गेला. संच मन्सूराला गेला.

शेख सांगतात की डाव्या खांद्यावरचा लिहिणारा पाप लगेच लिहीत नाही. सहा तास लेखणी उचलून धरतो, की हा पश्चात्ताप करील. मी सहा तासांऐवजी सतरा वर्षे घेतली, आणि तीही कॅफेत. फरिश्ते रुसत नाहीत, चुकत नाहीत, त्यांना माफी मागावी लागत नाही. ते सगळे आपल्याच वाट्याला आले आहे. मुतवल्ली, माझे चुकले. फळी कोरण्यात चुकले, विकण्यात त्याहून चुकले, आणि लोकांना हसवण्यात सगळ्यात जास्त चुकले.

कलम ७. सहा वर्षांपूर्वी त्या व्यापाऱ्याच्या मुलीने घर बदलले. मी जाऊन तिला नवा संच करून दिला आणि जुनी फळी सोडवून आणली. ती कारखान्याच्या माळ्यावर पांढऱ्या चादरीत आहे. गल्ली ओलांडून त्याच्या दारात न्यायची मला सहा वर्षांत हिंमत झाली नाही. ती मुतवल्लीला द्यावी. जाळावी, पुरावी, काय करायचे ते त्याने करावे.

वकील झगलूल म्हणाले, "ज्याला काही मिळतंय तो साक्षीदार चालत नाही, उस्ताद. आणि तुम्ही दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवलीय."

मी म्हणालो, "मी त्याला काही देत नाही. त्याचं होतं ते परत जातंय."

त्यांनी चष्मा पुसला आणि हे मान्य केले. म्हणून फळी माझ्या मरणाची वाट न पाहता या कागदाबरोबरच त्याच्याकडे जात आहे. वकील घेऊन जातील. त्याने सही केली नाही तर ती जागा मोकळीच राहू द्यावी, तिथे दुसऱ्या कोणाला घालू नये. मग कबरीशीही कोणी थांबू नये. मी एकटा त्या दोघांना काय सांगता येईल ते सांगेन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खाडाखोड आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत.

ठिकाण: दुमयात
गुरुवार, १४ रबीउल अव्वल १४४०, म्हणजे २२ नोव्हेंबर २०१८

(सही) बद्रान अवद झियादा

साक्षीदार पहिला: झगलूल फिक्री, वकील. लिहिणारा शुद्धीत होता. दोनदा डोळे पुसले, ते स्प्रिंगमुळे नाही असे त्याचे म्हणणे. (सही)

साक्षीदार दुसरा: मी मुतवल्ली शता, वय एकाहत्तर. कागद मंगळवारी मिळाला, फळीही मिळाली. कागद दोनदा वाचला. फळीतून मधले बाळ कापून घेतले आणि त्याचे पंख छाटून टाकले. नूहला पंख नव्हते. बाकीची बाळे चुलीत गेली. भिंतीवर लावणार नाही. पेटीत, कापडात ठेवले आहे. त्याच्या आईने कालपासून चार वेळा पेटी उघडली. ती म्हणते, हनुवटी तीच, नाक तेच, पण त्याचे कान एवढे मोठे नव्हते, सालीमुळे बद्रानला तसे वाटले असेल. माझा हात आता थरथरतो, कानाचे काम मला जमणार नाही. बद्रानने शुक्रवारच्या नमाजानंतर विदादकडून बारीक गोलणी मागून घेऊन आमच्याकडे यावे. ते काम होईपर्यंत त्याने मरू नये. त्यानंतर मेला तर मी कबरीशी थांबेन. (सही) मुतवल्ली शता