भिंगरीच्या नावे

ज्या माणसाच्या हातांवर आपण जिवंत आहोत, त्याच माणसाचा इतका हेवा का वाटावा? हा प्रश्न मी प्रार्थनेत अनेकदा विचारला आहे. आज मृत्युपत्र लिहायला बसले, तरी त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. उत्तराशिवायच लिहिते.

तर, मी खाली सही करणारी, वय एकोणतीस, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीवर आहे. डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे (त्याबद्दल पुढे), आणि हे माझ्याकडून कोणी लिहून घेत नाही. माझी दोन्ही मूत्रपिंडे चार वर्षांपूर्वी निकामी झाली. आजार बरा होणारा नाही, सांभाळण्याचा आहे, असे डॉक्टर म्हणतात. किती वर्षे, ते म्हणत नाहीत. म्हणून आताच लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे, अशी कल्पनाच नव्हती.

माझा आत्मा प्रभू येशूचा आहे. त्याची व्यवस्था त्याने केलेली आहे, मला करायची नाही. देह मंडळीच्या दफनभूमीत पुरावा. पाळकसाहेबांनी प्रवचन आटोपशीर करावे, आणि ‘तिने सगळे हसतमुखाने सोसले’ हे वाक्य त्यात घालू नये. घरच्यांना खोकला येईल.

१. घराविषयी. घर बाबांचे आहे, ते मला देता येत नाही. बाबा लोकांच्या इमारतींना रंग देतात आणि आमच्या भिंतींचे पोपडे ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवतात. मधल्या खोलीचा ताबा मात्र गेली चार वर्षे माझ्याकडे आहे, तो मी सोडते. खिडकीच्या बाजूला छताला हुक आहे, ज्याला माझ्या औषधी पाण्याच्या पिशव्या टांगतात. तो बाबांनी काढावा, भोक बुजवावे आणि रंग द्यावा. त्याच महिन्यात.

२. बँकेत जे काही असेल ते आईला. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात दिवसभर उभी राहून चादरींच्या घड्या घालते. तिने त्यातून चांगल्या, मऊ तळव्याच्या चपला घ्याव्यात. औषधे घेऊ नयेत, कोणाचीही.

३. माझे पदवीचे प्रमाणपत्र बाबांनी काचेत घालून पुढच्या खोलीत लावले आहे. ते त्यांचेच. आलेल्या माणसाला ते अजूनही त्याच्या समोरच्या खुर्चीत बसवतात. पूर्वी माणसे प्रमाणपत्राकडे बघून म्हणत, “पोरीनं नाव काढलं हो.” आता त्याच खुर्चीत बसतात, मान वळवून धाकटीकडे बघतात आणि मला म्हणतात, “नशीबवान आहेस बाई, अशी बहीण मिळाली.”

इथे धाकटीविषयी लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्याविषयी आहे. तिला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून हे नाव पडले. पुढे ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायला लागली, तेव्हा बाबा म्हणाले, “बघा, नाव आम्ही आधीच शोधून ठेवलं होतं.” दहावीला ती दोनदा बसली आणि दोनदा उठली. मी तिला अभ्यासाला धरून बसवायची. माझे काम शिकवायचे आणि तिचे काम चुकायचे, अशी आमची वाटणी होती. ती मला फार आवडत असे. वाटणी आवडत असे, असे खरे म्हणायला हवे.

मग माझ्या पोटात नळी बसली. त्या नळीतून दिवसातून चार वेळा पिशवीतले औषधी पाणी आत सोडायचे आणि आधीचे बाहेर काढायचे: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. नळीच्या टोकाला नुसते बोट लागले तरी पोटात जंतू जातात. सुरुवातीला माझे हात थरथरत, म्हणून हॉस्पिटलातल्या सिस्टरनी हे काम भिंगरीला शिकवले. दहावीला न बसलेले डोके इथे दोन दिवसांत बसले. बाहेर आलेले पाणी स्वच्छ आहे का हे बघायला पिशवीखाली छापील कागद धरतात. अक्षरे वाचता आली तर ठीक. भिंगरी माझे व्याकरणाचे पुस्तक धरायची आणि मुद्दाम वेगळेच वाचायची. “कर्मणी प्रयोग: पिशवी माझ्याकडून बदलली जाते. बरोबर ना, ताई?” बरोबर असायचे, याचाच राग यायचा.

४. माझी सर्वांत मोठी मिळकत हेवा ही आहे. ती लपवून मेले, तर मागाहून मला देवमाणूस ठरवतील, म्हणून नोंदवून ठेवते. मला दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून मिळते. भिंगरी बाहेरून येते आणि उभ्या उभ्या तांब्या रिकामा करते, घशाचा आवाज करत. मला त्या आवाजाचा हेवा वाटतो. ती दमते आणि झोपली की तिचा थकवा जातो. ती “आलेच हं” म्हणून बाथरूमला जाते, त्याचासुद्धा. तिची प्रार्थना एका ओळीची असते, “प्रभू, आजची पिशवी नीट जाऊ दे, आमेन,” आणि पिशवी नीट जाते. माझ्या प्रार्थनेत उपमा असतात.

गेल्या वर्षी एका रविवारी उपासनेत उपकारस्तुतीची वेळ आली. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने उठून दोन शब्द बोलायचे. मी मनात चांगली वाक्ये जुळवून बसले होते. माझ्याआधी भिंगरी उठली. म्हणाली, “देवाचे उपकार, की ताईच्या पिशव्या मला जमतात. दुसरं काही मला कधी जमलं नव्हतं.” आणि बसली. बायकांनी डोळ्यांना पदर, रुमाल, जे हाताशी होते ते लावले. मी उठलेच नाही.

घरी आल्यावर म्हणाले, “चला, तू माझ्यावर उपकार करतेस हे सगळ्या मंडळीला कळलं एकदाचं.”

“अगं, मी देवाचे म्हटलं.”

“शब्द एकच आहे.”

“मग तो शब्द चुकीचा असेल,” ती म्हणाली. “बी. ए. तू आहेस. दुसरा शोध. तोवर हात वर कर, नळी मोकळी करायची आहे.”

मी पुष्कळ शोधला. दुसरा सापडला नाही.

५. हे कलम कोणी गाळू नये. माझ्या हातांची थरथर आठ महिन्यांपूर्वी थांबली. औषध बदलल्यावर आपोआप थांबली. मी ते कोणाला सांगितले नाही. सुरुवातीला, पुन्हा सुरू झाली तर, म्हणून. नंतर मात्र पिशवीच्या वेळी मी बोटे मुद्दाम मांडीखाली धरू लागले. भिंगरी दुपारचे जेवण अर्धे टाकून दुकानातून धावत यायची आणि मला बरे वाटायचे. तिच्या पायांना माझ्याजवळ यायलाच लागते, एवढे सुख त्यात होते.

गेल्या महिन्यात चष्मेवाले काका घरी आले. त्यांच्या दुकानाची दुसरी शाखा दुसऱ्या शहरात निघत होती. ते बाबांना म्हणाले, “मशीन येतंय, जागा आहे, वर राहायला खोली आहे. भिंगरीशिवाय मी ते कोणाच्या हाती देणार नाही. महिना संपेपर्यंत सांगा.”

बाबांनी उत्तर द्यायच्या आत भिंगरी म्हणाली, “नाही जमायचं, काका. ताईचे हात थरथरतात.”

मी तेव्हा कोपऱ्यात बसून बाबांच्या सदऱ्याचे बटण लावत होते. सुईत दोरा ओवून झाला होता. आई माझ्याकडे बघत होती. काका गेल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “पहिल्याच वेळी ओवलास?”

मी म्हटले, “नेढं मोठं आहे.”

“हो का,” आई म्हणाली आणि चादरीची घडी घालावी तसा सदरा घडी करून आत घेऊन गेली. बटण अर्धेच लागले होते.

तिने पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर मी भांडले असते आणि सुटले असते. महिना संपायला चार दिवस राहिले, तेव्हा मी रिक्षा करून एकटी चष्म्याच्या दुकानात गेले. भिंगरी मागे मशीनवर होती. मी काकांना म्हटले, “तिला पाठवा. माझे हात थरथरत नाहीत. मी खोटं वागले.”

काकांनी खण उघडला. एका चष्म्याची सुटलेली दांडी, मोहरीपेक्षा लहान स्क्रू आणि पेचकस माझ्यापुढे ठेवला. मी स्क्रू बसवला. त्यांनी दांडी उघडून मिटून बघितली. “घरी सांगितलंस?”

“आधी तुम्हाला. घरी आधी सांगितलं असतं तर इथवर आले नसते.”

“मग आता मागे जा,” ते म्हणाले, “आणि ती मशीन बंद करेपर्यंत थांब. बोट जाईल तिचं.”

मशीन बंद झाल्यावर मी सांगितले. भिंगरीने हातातले भिंग पुसले, डबीत ठेवले, झाकण लावले.

“आठ महिने?”

“आठ महिने.”

“आणि तू बघत होतीस, मी घास टाकून येत होते ते.”

“हो.”

“देवाला सांगितलंस?”

“रोज.”

“त्याला सांगून काय उपयोग? त्याला आधीच माहीत असतं. मला सांगायचं.”

संध्याकाळची पिशवी तिनेच बदलली. पुस्तक धरले, अक्षरे बघितली, वाचून दाखवली नाहीत. पुढचे तीन दिवस सिस्टरनी माझी परीक्षा घेतली. गेल्या सोमवारी भिंगरी नव्या दुकानावर गेली. आईला रोज फोन करते. माझ्याशी बोलत नाही. तिथे वरच्या खोलीला गच्ची आहे म्हणे, आणि मला त्या गच्चीचाही हेवा वाटतो आहे. तो जात नाही. मी त्याला आता कामाला लावत नाही, एवढाच फरक.

६. माझी बाकी सर्व पुस्तके मंडळीच्या कपाटाला द्यावीत. व्याकरणाचे भिंगरीला. तिने ते घेतले नाही तर तिच्यावर जबरदस्ती करू नये, आणि ‘ताईची शेवटची इच्छा’ हे शब्द तिच्यापुढे कोणी उच्चारू नयेत. माझी प्रकृती बिघडली तर तिला बोलवावे की नाही, हे तिने ठरवायचे आहे. पाळकसाहेबांनी, बाबांनी किंवा मी नाही.

७. भिंगरी, तुझे उपकार मी मानते. शब्द तोच आहे. तो मला चार वर्षे बोचला, कारण मी तो फक्त देवासाठी राखून ठेवला होता. तिथे मानायला काही मोजावे लागत नाही.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाळकसाहेबांनी करावी. आईबाबांना साक्षीदार घेतले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे सांगतात.

वरील सर्व मी वाचले आहे, ते माझेच आहे आणि मला मान्य आहे. खालील दोघांच्या समोर मी सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार: (सही) पिशव्या शिकवणाऱ्या सिस्टर
साक्षीदार: (सही) चष्म्याचे दुकानदार. ‘अक्षर सुरेख आहे,’ असे लिहू का विचारत होते. नको म्हटले.
ठिकाण: आमच्या घराची मधली खोली
दिनांक: एकोणीस, गुरुवार, सकाळी अकरा

सहीच्या खाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे सिस्टर म्हणतात. न धरो. ही इच्छा नाही, झालेले काम आहे. हॉस्पिटलच्या कागदावर ‘रुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती’ असा एक रकाना असतो. त्यात चार वर्षे भिंगरीचे नाव होते. काल मी तिथे जाऊन ते एका रेघेने खोडले आणि माझे लिहिले. पुढे ‘रुग्णाशी नाते’ असे विचारले होते. तिथे लिहिले: स्वतः.